कार्ब्युरेटरचा स्क्रू सगळ्यात शेवटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मोटारींच्या निगेवर लेख आला. लेखकाची आस्था जाणवते, पण कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) चौकटीतला सल्ला दोन ओळींत उरकला आहे : मिक्श्चरचा स्क्रू पूर्ण आवळा आणि दीड फेरा सोडा, जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यातून) बारीक तार फिरवा, ॲव्हरेज आणि पिकअप दोन्ही सुधारतील. यातला पहिला भाग अर्धवट आहे आणि दुसरा नुकसान करणारा. नव्याने शिकणाऱ्या कोणी ते कात्रण टूलबॉक्सच्या झाकणाला चिकटवण्याआधी हे पत्र छापावे, ही विनंती.

आधी त्या स्क्रूचे काम काय, ते पाहू. सोलेक्स, वेबर, झेनिथ अशा ठरावीक गळ्याच्या (हवेची अरुंद वाट न बदलणाऱ्या) कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलच्या वाटा वेगवेगळ्या असतात. गाडी आयडलवर असते, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असते, तेव्हा थ्रॉटलची (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेची) चकती जवळजवळ बंद असते. त्या वेळी पेट्रोल स्लो जेटमधून येते आणि चकतीच्या मॅनिफोल्डकडच्या (इंजिनाकडे मिश्रण नेणाऱ्या नळ्यांकडच्या) बाजूला असलेल्या एका बारीक भोकातून आत ओढले जाते. मिक्श्चर स्क्रूचे निमुळते टोक याच भोकात बसते. ॲक्सिलरेटर जरा दाबला की चकतीची कड शेजारच्या दोन-तीन भोकांवरून सरकते आणि तीही पेट्रोल देऊ लागतात. थ्रॉटल आणखी उघडला की गळ्यातल्या हवेचा वेग वाढतो, तिथला दाब उतरतो आणि मेन जेट कामाला लागते. लांबच्या रस्त्यावर गाडी किती पेट्रोल पिते याचा हिशेब मेन जेट, एअर जेट आणि इमल्शन ट्यूब (पेट्रोलमध्ये हवा मिसळणारी भोकांची नळी) यांच्याकडे असतो. आयडलचा स्क्रू आवळून ॲव्हरेज वाढवायला जाणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

दीड फेरा हा आकडा खोटा नाही. पण तो इंजिन सुरू होण्यापुरता आहे. पुढची जागा त्या त्या इंजिनाकडूनच काढून घ्यावी लागते. आणि ती सापडावी असे वाटत असेल तर कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी बाकीची कामे उरकलेली हवीत. मिसिंग (सिलिंडरमधला स्फोट मध्येच चुकणे), काळा धूर, दबकत जाणारे पिकअप या सगळ्यांचे खापर कार्ब्युरेटरवर फुटते आणि दोष बऱ्याचदा इग्निशनमध्ये निघतो. क्रम असा ठेवावा : टॅपेट (व्हॉल्व्हची फट), कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), प्लग, पॉइंट (ठिणगीसाठी प्रवाह तोडणारे संपर्क), टायमिंग (ठिणगीची वेळ), मग कार्ब्युरेटर. सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आयडल गुळगुळीत होणार नाही, स्क्रू कितीही फिरवा. टायमिंगच्या आधी पॉइंट, कारण पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंगही सरकते. गॅप बहुतेक गाड्यांत ०.४ मिमीच्या आसपास असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातून घ्यावा. वापरलेल्या पॉइंटमध्ये एका बाजूला टेकाड आणि समोर खड्डा झालेला असतो. फीलर गेजची पट्टी टेकाडावर अडकते, खड्ड्यात उतरत नाही, म्हणून खरा गॅप पट्टीपेक्षा जास्तच राहतो. असे पॉइंट घासत बसण्यापेक्षा बदललेले बरे.

टायमिंग मागे पडलेले असले की आयडल उतरते. मग कोणीतरी थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू चढवून ते वर आणतो. चकती जास्त उघडी राहते, मिक्श्चर स्क्रूचा ताबा सुटतो, इंजिन तापते. पुढच्या मेकॅनिककडे गाडी जाते ती ‘कार्ब्युरेटर खराब’ ही तक्रार घेऊन.

दुसरा छुपा चोर म्हणजे बाहेरून ओढली जाणारी हवा. कार्ब्युरेटरखालचे पॅकिंग, मॅनिफोल्डचे पॅकिंग, ब्रेक बूस्टरचा पाइप, डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा फाटलेला पडदा, यांपैकी कुठूनही हवा शिरली की आयडलचे मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होते. व्हॅक्यूम गेज जोडला तर धडधाकट इंजिन आयडलवर साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) स्थिर दाखवते. उंचावर दर ३०० मीटरला सुमारे एक इंच कमी धरावे. काटा खाली पण स्थिर असेल तर टायमिंग मागे आहे किंवा हवा शिरते आहे. काटा ठरावीक लयीत झटका खात असेल तर एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह किंवा प्लग बघावा. गेज नसेल तर तेलाच्या डब्याने सांध्यावर पातळ तेलाचे थेंब सोडावेत. तेल आत ओढले जाऊन इंजिनाचा आवाज बदलला की जागा सापडली. अनेक जण इथे पेट्रोल शिंपडतात किंवा क्लीनरचा स्प्रे मारतात; शेजारी तापलेला एक्झॉस्ट असताना ते करू नये. थ्रॉटलच्या दांड्याच्या दोन्ही टोकांनाही थेंब सोडून बघावेत. चाळीस-पन्नास वर्षे वापरलेल्या कार्ब्युरेटरमध्ये दांड्याची भोके ओव्हल झालेली असतात. दांडा बोटांनी वर-खाली हलवून खडखड लागली तर नवे बुश बसवल्याशिवाय आयडल एका जागी राहणार नाही. नव्या पॅकिंगचा रिपेअर किट घातला, पण दांडा तसाच ठेवला, तर किटचे पैसे गेले म्हणून समजा.

आता फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता डबा. फ्लोट चेंबरमधली पेट्रोलची पातळी चुकली तर आयडलपासून फुल थ्रॉटलपर्यंत सगळेच चुकते, तरी शिकणारे तिच्याकडे सगळ्यात शेवटी वळतात. पातळी वर असेल तर गाडी ओव्हरफ्लो होते, वळणावर आणि ब्रेकला अडखळते. खाली असेल तर चढावर किंवा जास्त वेगात पेट्रोल अपुरे पडते. ओव्हरफ्लो होत असेल तर आधी नीडल व्हॉल्व्ह (फ्लोट वर आला की पेट्रोल अडवणारी सुईसारखी झडप) खोलून बघावा. टोकावर चमकदार रिंगण उमटलेले दिसले तर तो बदलावा, घासू नये. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत पेट्रोल खळखळले तर तो फुटका आहे. गरम पाण्यात बुडवला की भोकातून बुडबुडे येतात. डाग देण्याआधी आतले पेट्रोल पूर्ण निघाले पाहिजे, नाहीतर तो हातात फुटेल. आणि डाग देताना कथील आवरते घ्यावे : फ्लोट जड झाला की जास्त बुडतो, व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो आणि पातळी वर जाते. पंपाचा दाबही तपासावा. दोन ते साडेतीन पीएसआयपर्यंत बहुतेक कार्ब्युरेटर समाधानी असतात. नवा इलेक्ट्रिक पंप याच्या दुप्पट दाब देत असेल तर चांगला नीडल व्हॉल्व्हसुद्धा त्याला रोखू शकत नाही.

तारेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण या सल्ल्याने अनेक चांगले कार्ब्युरेटर बिघडतात. सोलेक्स आणि वेबरच्या जेटवर कोरलेला आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. १२५ म्हणजे १.२५ मिमी. जेट पितळेचे, मऊ. लोखंडी तारेने आतून खरवडून ते १.३० मिमी झाले तर व्यास वाढला फक्त पाच शतांशांनी. क्षेत्रफळ मात्र व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सुमारे आठ टक्के. डोळ्याला काहीच दिसत नाही, जेटवर आकडा १२५ चाच राहतो, आणि पुढे जो कोणी तो वाचेल तो फसतो. जेट थिनरमध्ये किंवा कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये भिजवावे, कॉम्प्रेसरची हवा मारावी आणि उजेडाकडे धरून बघावे. भोक स्वच्छ गोल दिसले पाहिजे. फारच घट्ट कचरा असेल तर नायलॉनचा धागा. स्लो जेट सगळ्यात बारीक, म्हणून तेच आधी तुंबते. सहा महिने उभी राहिलेली गाडी सुरू होते पण आयडलला थांबत नाही, याचे पहिले कारण तेच. स्क्रूड्रायव्हर जेटच्या खाचेत अचूक बसणारा हवा. सैल पात्याने खाच फाटते आणि मग जेट बाहेर काढण्याचे वेगळेच काम होऊन बसते.

इतके झाले की आयडल. इंजिन नेहमीच्या तापमानाला आलेले, चोक, म्हणजे थंड इंजिनासाठी हवा अडवणारी चकती, पूर्ण उघडलेला (ती डोळ्यांनी बघावी, डॅशबोर्डवरच्या खुंटीवर विश्वास ठेवू नये), एअर फिल्टर जागेवर. मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी तो हळूच आत फिरवत नेऊन किती फेरे होतात ते मोजून लिहून ठेवावे. ‘हळूच’ याचा अर्थ दोन बोटांनी. जोराने आवळला की टोकावर खाच पडते किंवा भोकाची कड फुटते आणि मग बारीक ट्यूनिंग कायमचे गेले. इंजिन चालू करून पुस्तकातले आयडल लावावे, बहुतेक जुन्या चार सिलिंडरच्या गाड्यांत ७०० ते ९०० आरपीएम. मग मिक्श्चर स्क्रू पाव-पाव फेरा आत न्यावा आणि दर वेळी दहा सेकंद थांबावे. थांबणे महत्त्वाचे, कारण मॅनिफोल्डच्या भिंतींवर ओले पेट्रोल साचलेले असते. त्याचा हिशेब जुळायला वेळ लागतो. इंजिन मंदावून थरथरू लागले की स्क्रू उलटा, बाहेर. आरपीएम चढत जातील, एका जागी टिकतील आणि आणखी बाहेर गेल्यावर पुन्हा उतरतील, आवाज जडावेल. मधली सर्वात चढी जागा पकडावी. आता आयडल वाढलेले असेल. स्टॉप स्क्रूने ते उतरवून पुन्हा मिक्श्चर. असे दोन-तीनदा केले की दोन्ही स्क्रू जुळतात. शेवटी मिक्श्चर जरासा आत, सुमारे २० आरपीएम उतरतील इतकाच.

एक खबरदारी. काही कार्ब्युरेटरांत बारीक स्क्रू हवेच्या तोंडाकडच्या बाजूला असतो. तो मिश्रणाचा नसून हवेचा असतो आणि त्याचे गणित उलटे : आत नेला की रिच (पेट्रोल जास्त). थ्रॉटलच्या चकतीच्या कोणत्या अंगाला स्क्रू आहे, ते आधी बघावे.

कान तयार करायचा असेल तर एक्झॉस्टच्या मागे उभे राहून ऐकावे. लीन असताना मिसिंग अनियमित येते, मध्येच फुसका फटकारा, धूर नाही. रिच असताना मिसिंगला लय असते, धूर काळपट आणि डोळे चुरचुरतात. गॅस ॲनालायझर मिळाला तर आयडलला कार्बन मोनॉक्साइड बहुधा २ ते ४ टक्के यावा. पण कान तयार असलेला माणूस त्याच्या बराच जवळ पोचतो.

स्क्रू पूर्ण आत गेला तरी इंजिन बंद पडत नसेल, तर ट्यूनिंग तिथेच थांबवावे. सुस्थितीतले इंजिन बंद पडायला हवे. पडत नाही म्हणजे त्याला पेट्रोल दुसऱ्या वाटेने मिळते आहे : थ्रॉटल फार उघडा आहे, फ्लोटची पातळी वर आहे किंवा चोक अडकला आहे. उलट, साडेतीन-चार फेरे बाहेर काढूनही आयडल भुकेलेच वाटत असेल तर स्लो जेट तुंबले आहे किंवा कुठून तरी हवा शिरते आहे. स्क्रूचा हा सगळ्यात मोठा उपयोग आम्हाला वाटतो. तो रोग बरा करत नसला तरी रोग कुठे आहे हे दाखवतो.

एसयू या बनावटीच्या, बदलत्या गळ्याच्या कार्ब्युरेटरला वरचे बरेचसे लागू नाही, आणि लेखात दोन्ही जातींना एकाच दावणीला बांधले आहे. त्याचा गळा पिस्टन वर-खाली होऊन लहान-मोठा होतो, जेट एकच आणि त्यात निमुळती सुई. खालचा नट जेट वर-खाली करतो, म्हणून तो फिरवला की आयडलपासून फुल थ्रॉटलपर्यंत सगळेच बदलते. सुरुवात अशी : नट वर नेऊन जेट पुलाच्या (गळ्याच्या तळाच्या उंचवट्याच्या) पातळीला आणावे, मग नट दोन फेरे खाली. नटाला सहा बाजू, म्हणजे बारा बाजू झाल्या. नट खाली तो रिच, वर तो लीन. नंतर एका वेळी एकच बाजू फिरवायची आणि जेट बोटाने वर दाबून नटाला टेकले आहे याची खात्री करायची. तपासायला बाजूची खुंटी असते. तिचा मोकळा खेळ संपवून पिस्टन जेमतेम ०.८ मिमी उचलावा. आरपीएम वाढून तसेच राहिले तर रिच. इंजिन लगेच बसू लागले तर लीन. क्षणभर किंचित वाढून जागेवर आले तर बरोबर.

पण त्याआधी पिस्टनची परीक्षा. डॅम्पर (पिस्टनची हालचाल संथ करणारा वरचा दांडा) काढून पिस्टन वर उचलून सोडला की खाली पुलावर ‘टक्’ असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. सुई घट्ट बसवलेल्या जातीत आवाज मऊ आला तर सुई जेटला घासते आहे. जेट मध्यावर आणावे लागेल. पिस्टनचा घेर आणि त्याचे वरचे घुमट थिनरने पुसून कोरडे ठेवायचे, तिथे तेल नाही. तेल फक्त डॅम्पर ज्यात चालतो त्या पिस्टनच्या पोकळ दांड्यात, एसएई २० चे. ते आटले तर ॲक्सिलरेटर दाबताच पिस्टन उडी मारतो, मिश्रण लीन होते आणि कार्ब्युरेटरमधून फट् करून झळ मागे येते. फार जाड तेल घातले तर पिस्टन आळसावतो, वेग घेताना गाडी रिच होऊन जड वाटते. पिकअपची तक्रार घेऊन आलेल्या एसयूमध्ये आधी हे तेल बघावे. अनेकदा काम दोन मिनिटांत संपते. हे सगळे करताना तीन मिनिटांहून जास्त वेळ गेला तर इंजिन अर्धा मिनिट २५०० आरपीएमला नेऊन मोकळे करावे, नाहीतर साचलेले पेट्रोल चुकीचे उत्तर देते.

जोडीचे कार्ब्युरेटर असतील तर मिश्रणाआधी हवा समान करायची. दोघांमधला जोडदांडा सैल करून रबरी नळीचे एक टोक कानाशी, दुसरे आलटून पालटून दोन्ही तोंडांशी एकाच जागी धरावे. ‘स्स्स्’ सारखा आला की मिश्रण, मग पुन्हा हवा, शेवटी दांडा आवळायचा.

ठरावीक गळ्याच्या कार्ब्युरेटरमध्ये पिकअपसाठी ॲक्सिलरेटर पंप असतो. इंजिन बंद ठेवून गळ्यात डोकवावे आणि थ्रॉटल उघडावा. हालचाल सुरू होताच पेट्रोलची बारीक सरळ धार दिसली पाहिजे. उशिरा आली तर पडदा कडक झाला आहे किंवा आतला बॉल व्हॉल्व्ह चिकटला आहे. मेन जेटची परीक्षा रस्त्यावरच. मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगात, इंजिनावर भार असताना, चोक काही मिलिमीटर ओढावा. गाडी जास्त ओढू लागली तर मेन जेट लीन, दबली तर पुरेसे किंवा रिच. प्लगचा रंगही सांगतो, पण गर्दीतून आयडलवर घरी आणलेल्या गाडीचे प्लग काळेच निघणार. शिशाविरहित पेट्रोलवर तसेही ते पूर्वीपेक्षा फिकट दिसतात. फिकट म्हणजे लीन असे लगेच धरू नये.

जुन्या पुस्तकातले जेटचे आकडे त्या काळच्या पेट्रोलसाठी आहेत. पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ भाग. म्हणून २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या इंधनावर तेच जेट जवळपास आठ टक्के लीन पडते, १० टक्क्यांच्या इंधनावर चार. वर तारेच्या हिशेबात १२५ चे १३० झाल्यावर आठ टक्के वाढ झाली होती. इथे ती वाढ खरोखर हवी आहे, पण योग्य आकड्याचे नवे जेट घालून. उंचावर गोष्ट उलटी होते : हजार मीटरवर हवा सुमारे दहा टक्के विरळ, आणि मिश्रण साधारण पाच टक्के रिच. घाटाखाली जुळवलेली गाडी वर काळा धूर सोडते ती यामुळे. थोड्या दिवसांसाठी वर गेलात तर स्क्रूला हात लावू नका.

गाडी गरम असताना बंद केली आणि दहा मिनिटांनी सुरू होत नसेल तर ट्यूनिंगचा दोष नसण्याचीच शक्यता जास्त. पेट्रोलचा हलका भाग ३५ अंशांच्या आसपासच उकळू लागतो. फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उकळून गळ्यात सांडते. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डमधला जाड इन्सुलेटर कोणी काढून टाकला आहे का ते बघावे. सुरू करताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा, पंप मारत बसू नये.

शेवटी लेखाबरोबरच्या छायाचित्राविषयी. त्यात इंजिन चालू आहे, एअर फिल्टर काढून ठेवलेला आहे आणि कार्ब्युरेटरशेजारी पेट्रोलची उघडी वाटी आहे. लीन इंजिन कार्ब्युरेटरमधून मागे फटका मारते तेव्हा ज्वाळ बाहेर येते. फिल्टर जागेवर असेल तर ती तिथेच अडते, नसेल तर त्या वाटीपर्यंत पोचते. मागे शटरही ओढलेले दिसते, म्हणजे एक्झॉस्टचा कार्बन मोनॉक्साइड आतच. चौकट पुन्हा छापाल तेव्हा तारेचे वाक्य वगळावे आणि हे छायाचित्र बदलावे.

आपले,
कार्ब्युरेटरच्या मोटारींवर काम करणारे दोन वाचक